अक्का, त्या धिरड्यांत अंडी होती

अक्का,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. भेटायला बायका अजून येतातच. दारात चपला काढता काढता प्रत्येकीचं एकच, "सुरेखा, सख्खी बहीण करणार न्हाय एवढं केलंस बाई जावेचं. पुण्य लागंल तुला." मी मान हलवते आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत जाते. ओट्याशी उभी राहिले की वाटतं, तुम्ही असतात तर खोलीतूनच ओरडला असतात, "पुण्याचं ऱ्हाऊ द्या, तिनं मला काय खायला घातलंय ते इचारा की आधी!" आणि मग स्वतःच हसला असतात.

शेवटी शेवटी हसला असतात. मधले ते नऊ दिवस मात्र नसतात हसला. त्या नऊ दिवसांबद्दल आपण दोघी नंतर कधी सरळ बोललो नाही. तुमच्या खोलीत औषधांची पिशवी आवरायला बसले होते, ती तशीच ठेवून हे लिहायला घेतलंय.

मी या घरात आले तेव्हा माझ्या लुगड्याला उजनीच्या पाण्याचा वास येतो, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांचं फार चुकत नव्हतं. आमचं गाव धरणाच्या फुगवट्याला लागून, घरात आठवड्यातून चार दिवस मासे. आणि हे घर लिंगायताचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंड्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही. तुमच्या धाकट्या दिरानं माझ्याशी लग्न करायचं म्हटल्यावर घर दोन महिने धुमसत होतं. शेवटी तुम्ही मध्ये पडलात. अक्कलकोटच्या तुमच्या माहेरच्या कानडीत सासूबाईंना काय सांगितलंत कोण जाणे, पण त्या गप्प झाल्या.

लग्नानंतर आठव्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात समोर बसवलंत. मला वाटलं, आता नियम येणार. तुम्ही विचारलंत, "तुला ते सोडायला जमंल का? या घरात शिजणार न्हाय, तेवढं मी सांगते. पर तुझ्या तोंडाचं तू ठरीव. माहेरी गेलीस की खा, मी इचारणार न्हाय."

मी सोडलं. माहेरीसुद्धा सोडलं. आई म्हणायची, जावेनं जादू केली काय गं तुझ्यावर? जादू कसली. मला त्या वेळपर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं. शाळा सोडायची का, कुठल्या गावात राहायचं, कुणी म्हणून विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, म्हणून सतरा वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही.

म्हणूनच पुढं मी जे केलं ते जास्त वाईट. तुम्ही मला विचारलं होतंत. मी तुम्हाला विचारलं नाही.

तुमचं दुखणं मोठ्या आतड्याचं निघालं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि केमोथेरपी सुरू झाली. दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात जायचं, त्या लांबलचक खोलीतल्या खुर्चीत सलाईन लावून बसायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. नवरा म्हणून आप्पांनी यायचं, पण त्यांना बारदानाच्या दुकानातून उठता येत नव्हतं, आणि खरं म्हणजे तुमच्या हातात सुई जाताना त्यांच्यानं बघवत नव्हतं. ह्यांची नोकरी फिरतीची. माझी अंगणवाडी दुपारी सुटते, आणि केमोच्या दिवशी मी रजा टाकायची. तेव्हा तुमच्याबरोबर मी.

तिसऱ्या केमोपर्यंत तुमचं वजन बावन्नवरून चव्वेचाळीसवर आलं. पाणी प्यायलात की म्हणायचात, "पिपातलं हाय काय गं? लोखंड चाटल्यागत लागतंय." गार स्टीलचा पेला हातात घेतला की बोटांना झटका बसायचा, म्हणून मी पेल्याला फडकं गुंडाळून द्यायचे. दुधाचा वास सहन होत नव्हता. वरणानं पोट फुगायचं. भाकरीचा तुकडा तुम्ही तोंडात इकडून तिकडं फिरवत राहायचात आणि माझी नजर चुकवून पदरात काढून ठेवायचात. मी अंगणवाडीत पोरांची तीच युक्ती रोज बघते, अक्का. मला कळत होतं.

दवाखान्यात आहार बघणाऱ्या तबस्सुम मॅडम होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी तुमचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, औषध त्याचं काम करतंय, पण ते सोसायला अंगावर मांस पाहिजे. प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. अंडी चालतात का?"

"आमच्यात चालत न्हाय," तुम्ही म्हणालात.

"हरकत नाही. मग दुसरं बघू." आणि त्यांनी कागदावर भराभरा लिहून दिलं. मूग, दही, शेंगदाण्याचं कूट, पनीर, बरंच काही. ते सगळं माझ्यासमोर लिहिलं. पण मी घरी जाताना माझ्या डोक्यात एकच शब्द होता, अंडी. मला वाटलं, खरं औषध ते आहे आणि बाकीचं आपली समजूत घालायला लिहिलंय. अंगणवाडीत मी बारा वर्षं पोरांची वजनं करते, तक्ते भरते. मला सगळं कळतं असा माझा समज होता.

व्यायामाचं तिथल्याच फिजिओथेरपीच्या सरांनी सांगितलं. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. मग घराबाहेर चालायचं. "खाल्लेलं अंगाला लागायचं तर अंग हललं पाहिजे," ते म्हणाले. तुम्हाला ते पटलं, कारण तुम्ही आयुष्यभर बसलेल्या माणसाला उठवतच आलात. पहिल्या दिवशी चार वेळा उठलात आणि कपाळावर घाम आला. तुम्ही कानडीत मोजायचात, मी मराठीत. तुमचं "नाल्कु" आणि माझं "चार" एका वेळी यायला पाहिजे, पण मी नेहमी पुढं जायचे. "थांब की गं," तुम्ही म्हणायचात, "गुडघं माझं हायती, तुजं न्हाईत." मग माझा हात धरून गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं आणि परत. गिरणीवाला रोज म्हणायचा, "आज पावलं जास्त पडली की अक्का." काही पडलेली नसायची.

तेवढं करूनही चौथ्या केमोला डॉक्टरांनी तुम्हाला परत पाठवलं. वजन आणखी दोन किलो उतरलं होतं, रक्त कमी होतं. आठ दिवसांनी या म्हणाले. रिक्षात तुम्ही बाहेर बघत होतात. मी विचारलं, "अक्का, काय झालं?" तुम्ही म्हणालात, "परत धाडलं गं. औषधाच्यासुदिक लायक न्हाय ऱ्हायले मी."

त्या दिवशी मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर दुकानातून दोन अंडी घेतली. अंगणवाडीतच वाटून ठेवलेल्या मुगाच्या पिठात फोडली. हळद, ओवा, लसूण घालून डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि पंधरा मिनिटांत घरी आले. घरातला तवा बाटायला नको म्हणून तुमच्यासाठी छोटा नवा तवा घेतला. आप्पांना सांगितलं, अक्कांना गरम गरम लागतं, मोठा तवा तापायला वेळ लागतो. एवढी काळजी मी घेतली, अक्का! तव्याची घेतली.

तुम्हाला वास आला नाही. चव तर नव्हतीच. धिरडं मऊ झालं होतं. तुम्ही पूर्ण खाल्लंत आणि म्हणालात, "ह्ये जातंय बघ घशाखाली. उद्या बी कर." मी ओट्याकडं तोंड करून रडले. तुम्हाला वाटलं आनंदानं रडते. निम्मं खरं होतं ते.

रोज दोन, असं चालू राहिलं. राहिलेली चौथी केमो झाली. पुढच्या वेळी काटा दीड किलो वर गेला होता. तबस्सुम मॅडमनी टाळी वाजवली. "काय देता?"

"मुगाची धिरडी," मी म्हणाले.

आणि तुम्ही छाती काढून म्हणालात, "बगा म्याडम, अंड्याबिगर झालं का न्हाय!"

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

मोडनिंबच्या कमलबाई तुमच्या शेजारच्या खुर्चीत असायच्या. शेतकरी घर, नवरा बरोबर, पिशवीत उकडलेल्या अंड्यांचा डबा. त्यांना ती अंडी नकोशी व्हायची, नवरा मागं लागायचा. त्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडं वळून म्हणालात, "जीव नगं म्हणतोय तर कशाला खाताय? मी एक अंडं न्हाय खाल्लं जल्मात, दीड किलो वाढले." कमलबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "ऐका! मी काय म्हणत हुते?" आणि डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा गालफडं बसली होती. सुई लावायच्या आधी तुमचा हात धरून म्हणाल्या, "अक्का, तुमच्यावाणीच मुगाची धिरडी करून खाते बगा. अंडी सोडली. पर मला कशी लागंनात अंगाला?"

तुम्ही म्हणालात, "लागतील. दम धरा."

मी तिथून उठले. तबस्सुम मॅडम कुणाला तरी समजावत होत्या, त्यांचं संपेपर्यंत दाराशी उभी राहिले आणि मग सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मला का नाही विचारलंत?" एवढंच म्हणाल्या. "अंड्याशिवाय होत नाही असं मी कधी म्हटलं? तुम्ही कागद वाचलात तरी का?"

मी म्हणाले, "पण वजन वाढलं की मॅडम."

"त्याच आठवड्यात उलटीचं औषध बदललं होतं. त्या दोनदा चालायला लागल्या होत्या. कशानं वाढलं ते मला सांगता येत नाही, तुम्हाला कसं येतं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मोडनिंबच्या ताईंचं मी बघते. तुमच्या अक्कांना मात्र तुम्हीच सांगायचं. आजच."

तुम्हाला आठवत असेल, त्या संध्याकाळी आपण गिरणीपर्यंत जाऊन आलो होतो. तुम्ही पायरीवर बसलात. मी समोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. एका दमात, शाळेतल्या पोरीसारखं.

"याक?" तुम्ही म्हणालात. का? रागावलात की तुमचं कानडी यायचं, पण हा आवाज रागाचा नव्हता. मी म्हणाले, "तुम्ही जगावं म्हणून."

"मला इचारलं असतंस तर मी न्हायच म्हणले असते. म्हणून इचारलं न्हाईस. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मग माजं 'न्हाय' तू परस्पर खाल्लंस की गं सुरेखा."

आणि माझा हात न धरता, कठड्याला धरून, तुम्ही आत गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पहाटे स्वतः पाणी तापवून डोक्यावरून आंघोळ केलीत. पूजेला रोजच्यापेक्षा दुप्पट वेळ बसलात. मी दिलेला चहा घेतला नाही. गॅसपाशी गेलात, एका हातानं ओटा धरून दुसऱ्या हातानं ज्वारीची आंबील हलवत राहिलात. आप्पा घाबरले. "अगं, तू कशाला उभी?" तुम्ही म्हणालात, "सुरेखाला अंगणवाडीचं काम लई हाय. तेवढाच माजा व्यायाम."

आप्पांना तुम्ही सांगितलं नाहीत. ह्यांना सांगितलं नाहीत. माझ्याशी बोलत नव्हतात, आणि मला झाकतही होतात. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

नऊ दिवस. मी ओट्यावर सगळं मांडून ठेवायचे, सोललेलं, निवडलेलं, वाटीत काढलेलं. तुम्ही त्याला हात लावायचा नाहीत, डब्यातलं दुसरं घ्यायचात. संध्याकाळी तुमच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून मोजणं ऐकू यायचं. ओंदु. एरडु. मूरु. मी दाराबाहेर भिंतीला टेकून मनात मोजायचे, आणि आता पुढं जात नव्हते.

नवव्या दिवशी सहाचं "आरु" ऐकू आलं आणि मग काहीच नाही. मी वाट बघितली. खुर्चीचा आवाज नाही. दार ढकललं तर तुम्ही खुर्चीत बसून होतात, दोन्ही हात मांडीवर, आणि पाय थरथरत होते. उठायला जमत नव्हतं. तुम्ही हाक मारली नव्हतीत.

"अक्का."

"उठंना बग," तुम्ही म्हणालात. "पाय माजं ऐकत न्हाईत."

मी जवळ गेले पण हात लावायची हिंमत होईना. तुम्ही वर बघितलंत. "बगतीस काय? धर की." मी काखेत हात घालून उठवलं. तुमचं कपाळ माझ्या खांद्याला टेकलं. तिथंच, तसंच, तुम्ही म्हणालात, "माफ केलं न्हाय अजून. निस्तं धर म्हणलं."

त्या रात्री तुम्ही माझ्या हातचं जेवलात, पण अट घालून. भांड्यात जाईल ते तुमच्या डोळ्यांदेखत जाईल. दुसऱ्या दिवसापासून तुमची खुर्ची स्वयंपाकघरात आली. मी एकेक वस्तू उचलून दाखवायची आणि नाव घ्यायचं. "हे मुगाचं पीठ." "वास दे." "हा दह्याचा चक्का." "दिसतंय." "हे दाण्याचं कूट." "जास्त घाल की, कंजूषपणा कशाला?" एकदा मी म्हणाले, "हे पाणी," तेव्हा तुम्ही म्हणालात, "नळाचं का उजनीचं?" आणि मग आपल्या दोघींच्याही लक्षात आलं की नळाला येतं ते उजनीचंच, आणि पातेलं गॅसवर तसंच ठेवून आपण किती वेळ हसलो!

तबस्सुम मॅडमचा तो कागद मी तेव्हा खरा वाचला. सोयाबीन भाजून गव्हात घालून गिरणीतून दळून आणलं. भाकरीच्या पिठात दुधाची भुकटी मळली, त्याला वास येत नव्हता. दर दोन तासांनी थोडं थोडं, ताट न भरता बशीत, कारण ताट बघूनच तुमचं पोट भरायचं. जेवणानंतर गल्लीत फेरी. वजन फारसं वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. त्रेचाळीसवर काटा थांबला, आणि त्यानंतर एकाही केमोला तुम्हाला परत पाठवलं नाही.

त्या नऊ दिवसांनंतरच्या पहिल्याच केमोला दवाखान्यात जाताना तुम्ही विभूती लावून, इस्त्रीची साडी नेसून निघालात. मी विचारलं तर म्हणालात, "काम हाय." त्या दिवशी खोली भरलेली होती. तुमच्या माहेरच्या गल्लीतली एक बाई तिच्या भावाला घेऊन आली होती, तिनं तुम्हाला ओळखून हात हलवला. मला वाटलं, आता तुम्ही थांबाल. तुम्ही सरळ कमलबाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिलात.

"कमलबाई, मी तुमाला खोटं सांगितलं. माज्या धिरड्यात अंडी हुती. मला ठावं नव्हतं, पर माज्या पोटात गेली ती. तुमच्यात चालतंय न्हवं? मग माज्या बोलण्यानं सोडू नगा. म्याडम सांगतील तसं खावा."

अक्कलकोटच्या त्या बाईनं तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! कुणी घातली गं?"

मी सलाईनच्या स्टँडमागं उभी होते. माझं नाव येणार म्हणून डोळे मिटले.

"घरात घातली," तुम्ही म्हणालात. "घरातली माणसं जगवायलाच बगत्यात की. चुकत्यात बी." आणि खुर्चीत येऊन बसून हात पुढं केलात, "लाव बाई सुई."

ती बातमी आठ दिवसांत आप्पांपर्यंत आलीच. ते घरी येऊन काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, "माजं मी बगून घेतलंय. तिला कुणी काय बोलायचं न्हाय." आप्पा माझ्याकडं बघून आत गेले. त्यांनी आजपर्यंत त्यातलं अक्षर काढलेलं नाही.

कमलबाई बऱ्या आहेत, अक्का. तुमचं कळल्यावर मोडनिंबहून नवऱ्याबरोबर येऊन गेल्या. गाल भरलेत. तुमच्या फोटोसमोर बसल्या, जाताना मला म्हणाल्या, "तशी बाई न्हाय व्हायची."

आपलं भांडण मात्र राहिलंच. केमो संपल्यानंतरच्या त्या पाच महिन्यांत, तुम्ही दोन फेऱ्या गिरणीपर्यंत आणि एक फेरी पार चौकापर्यंत मारायला लागलात तेव्हा, तुम्ही म्हणायचात, "बग, मुगानं झालं." मी म्हणायचे, "अंड्यानं." तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घालायचात. गमतीतच. पण गमतीच्या खाली जे होतं ते दोघींनाही माहीत होतं. ते दीड किलो वजन वाढलं नसतं आणि केमो चुकली असती तर काय झालं असतं? ते पाच महिने मिळाले असते का? तबस्सुम मॅडमना सांगता आलं नाही, मला कुठून येणार?

आणि दुसरं एक राहिलं. मी चुकले हे मी मान्य केलं, मॅडमपाशी केलं, तुमच्यापाशी केलं. पण परत तीच वेळ आली, परत तुम्ही रिक्षात बसून म्हणालात की औषधाच्या लायक राहिले नाही, तर मी काय करेन? या बावीस दिवसांत कितीदा स्वतःला विचारलं. छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, अक्का. तुम्ही रागवाल. रागवा.

माफ केलं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं, पण तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली. म्हणजे बघा, माझी खोड काही गेली नाही.

मग ते दुखणं लिव्हरमध्ये गेलं. डॉक्टरांनी आप्पांना बाहेर बोलावलं. तबस्सुम मॅडम मात्र तुमच्याच खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता मोजायचं नाही. आवडेल ते, हवं तेवढं, नको तर नको." तुम्ही त्यांचा हात दाबलात. घरी आल्यावर मला म्हणालात, "चांगली हाय पोरगी. मला खरं सांगती."

शेवटच्या आठवड्यात दोन चमचे पाण्याच्या पुढं काही जात नव्हतं. मी चोवीस तास तुमच्यापाशी. ओठ ओले करायचे, कूस बदलायची, पाय चोळायचे. स्वयंपाकाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी दुपारी आप्पा ताट घेऊन दारात आले. भाकरी शेजारणीनं दिली होती, पण पिठलं त्यांनी केलं होतं. जन्मात पहिल्यांदा. सदऱ्याला हळद लागली होती.

"तू खा," ते मला म्हणाले. "कालपासनं काय खाल्लं न्हाईस म्हणं. ही सांगत हुती."

मी तुमच्याकडं बघितलं. मला वाटायचं तुम्ही ग्लानीत असता. तुम्ही डोळे उघडे ठेवून पडला होतात. "हितं बस," तुम्ही म्हणालात. आवाज नव्हता, नुसते ओठ. "माज्यासमूर खा."

मी खाटेशी जमिनीवर बसले. पहिला घास घेतला. आप्पा दाराची चौकट धरून उभे होते.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"छान झालंय, आप्पा."

त्यांचा चेहरा उजळला. कढईत काहीतरी राहिलंय म्हणत ते आत गेले. तुम्ही बोटानं मला जवळ बोलावलंत. मी कान तुमच्या तोंडाशी नेला.

"खरं सांग."

"मीठ लई झालंय, अक्का. तोंडात धरवत न्हाय."

तुमचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, ठसका लागला वाटलं. तुम्ही हसत होतात. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर गेलं.

"त्यास्नी सांगू नगं," तुम्ही म्हणालात. आणि थोडा दम घेऊन, "सगळं खा पर."

मी सगळं खाल्लं. शेवटचा घास जाईपर्यंत तुम्ही डोळे मिटले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात.

आप्पा आता दिवसाआड पिठलं करतात. दुकानातून लवकर येतात, सदऱ्याच्या बाह्या वर करतात आणि मला ओट्याजवळ येऊ देत नाहीत. कालही केलं. ताट माझ्यासमोर ठेवून विचारलं, कसं झालंय. मीठ तेवढंच होतं. मी छान झालंय म्हणाले आणि आणखी मागून घेतलं.